शालूचा लाल

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला सगळ्यात जास्त कुठला रंग छळतो, असं विचारलं तर बहुतेक जण पांढरा म्हणतील. मुंजीतल्या बटूचं धोतर, अंतरपाट, नवरदेवाचा रेशमी कुर्ता. पांढरा छळतो, पण समोरासमोर छळतो. उडाला, म्हणजे तपशील जाऊन कोरा झाला, की तिथल्या तिथे दिसतं. लाल आतल्या गाठीचा. शालू नेसलेली नवरी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झकास दिसते, हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) शहाण्या मुलासारखा मधोमध बसलेला असतो, आणि घरी येऊन मोठ्या मॉनिटरवर शंभर टक्क्यांवर उघडून पाहावं तर पदराच्या जागी लाल रंगाचा लगदा. वीण नाही, घडीची सावली नाही, बुट्ट्यांच्या कडा विरघळून गेलेल्या. नवरीच्या आईने चार दुकानं पालथी घालून आणलेला शालू, आणि फोटोत तो ऑइलपेंटने रंगवल्यासारखा.

असं का होतं हे कळायला कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरच्या पोटात शिरावं लागतं. मी इंदूरमध्ये लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं असे कार्यक्रम शूट करते. या धंद्यात सेन्सरचं शास्त्र कुणी विचारत नाही. लेन्स कुठली आणि अल्बम किती पानांचा, एवढंच विचारतात. पण मला असं वाटतं की एक्स्पोजरबद्दलच्या, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा याबद्दलच्या, निम्म्या भांडणांचं मूळ एकच आहे: सेन्सरवर पडलेला उजेड आणि स्क्रीनवर दिसणारा उजळपणा, या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो.

तर शालू. सेन्सरला मुळात रंग कळत नाहीत. उजेड किती आला एवढंच त्याला समजतं. रंगासाठी प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एक इवलासा फिल्टर बसवलेला असतो, कुठे लाल, कुठे हिरवा, कुठे निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत, मोबाइलमध्येसुद्धा, तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. चार पिक्सेलच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्यांना दुप्पट जागा, कारण माणसाच्या डोळ्याला बारीक तपशील जास्त करून त्याच पट्ट्यातल्या उजेडात कळतो. माझा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. त्यातले लाल फक्त ६० लाख. उरलेल्या १ कोटी ८० लाख जागांवर लाल किती होता, हे कॅमेरा आजूबाजूच्या पिक्सेलना विचारून ठरवतो. म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो त्यातल्या रंगाचे तीनातले दोन भाग हिशेबाने भरलेले असतात. हिशेब फार हुशार असतो म्हणून ते जाणवत नाही, इतकंच.

लाल रेशमावरून परत येणारा उजेड जवळजवळ सगळा लाल. हिरव्या-निळ्या पिक्सेलच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. त्यात कार्यालयातले पिवळे दिवे, म्हणजे लालचाच भरणा. अशा वेळी लाल पिक्सेल काठोकाठ भरून वाहायला लागलेले असतात आणि बाकीचे अजून अर्धे रिकामे. कॅमेऱ्यातला साधा पांढरा हिस्टोग्राम तिन्ही रंगांची गोळाबेरीज दाखवतो आणि त्यात सगळ्यात जास्त वजन हिरव्याला असतं. लाल फुटला तरी त्याला काही वाटत नाही. म्हणून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू करावी. लालची रेघ उजव्या भिंतीला टेकली की अर्धा-पाऊण स्टॉप खाली यावं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). चेहरा थोडा गडद झाला तर नंतर उचलता येतो. शालूची वीण उचलून आणता येत नाही.

आणखी एक बारकावा आहे. रंग उडाल्याची कॅमेऱ्याची ताकीद जेपेगच्या, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेल्या फोटोच्या, हिशेबाने येते. जेपेग करताना व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, लाल आणि निळे आकडे गुणले जातात, वर रंग गडद करणारं प्रोफाइल चढतं. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांत, पुष्कळदा वीण शाबूत असते आणि जेपेगमध्ये मेलेली. म्हणून शालूच्या बाबतीत मी रॉशिवाय काम करत नाही. हळदीच्या दिवशी तर गंमत याहून वेगळी. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरलेले, निळा जवळजवळ शून्य. गालावर हळद चोपडली की त्वचेचा पोत दोन रंगांत उडून जातो आणि तिसऱ्यात अंधार असतो. हळदीचे फोटो गच्चीवर, सावलीतल्या निळसर उजेडात घेतले तर निम्मं काम आपोआप होतं. पण मुलीकडच्यांना मांडव, झेंडू आणि वर पिवळा कपडा हवा असतो. त्या कपड्यातून गाळून आलेला उजेडही पिवळाच. त्याला आपण काय करणार!

पिक्सेल भरतो म्हणजे काय होतं, ते आता. उजेड सुटासुटा येतो, फोटॉन फोटॉन करत. सिलिकॉनवर फोटॉन आपटला की तो एका इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो आणि पिक्सेल तो इलेक्ट्रॉन साठवून ठेवतो. उजेड अशा सुट्या पुड्यांमध्ये येतो ही कल्पना आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडली. १९२१ चं नोबेल त्यांना सापेक्षतेसाठी नव्हे, या फोटोइलेक्ट्रिक परिणामासाठी मिळालं. सिलिकॉनमध्ये असे इलेक्ट्रॉन साठवून एकेका रांगेने पुढे सरकवत मोजायचे, ही सीसीडीची युक्ती १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी काढली आणि २००९ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. आजच्या कॅमेऱ्यांत सीसीडीऐवजी सीमॉस सेन्सर असतात, त्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. साठवणं मात्र तेच. मोठ्या सेन्सरच्या एका पिक्सेलमध्ये दहा-दहा हजारांच्या पटीत इलेक्ट्रॉन मावतात, मोबाइलच्या पिक्सेलमध्ये काही हजारच. भरला की भरला. त्यानंतर आलेला फोटॉन वाया. तो पांढऱ्याहून पांढरा असं काही लिहून ठेवत नाही.

या मोजणीतली एक गोष्ट फोटोग्राफरला मुकाट्याने मान्य करावी लागते, की ती सरळ रेषेत चालते. उजेड दुप्पट, इलेक्ट्रॉन दुप्पट. आपले डोळे असे नाहीत. दुपारी इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या चौकातून दरवाजाच्या कमानीखाली शिरलं तर उजेड पटीपटीने पडतो, पण आपल्याला फक्त जरा गार आणि जरा अंधारं वाटतं. क्षणभरात डोळा सावरतो, कमानीतल्या म्हाताऱ्या चौकीदाराचा चेहराही दिसतो आणि बाहेर उन्हातलं कबूतरही. सेन्सरला सावरणं माहीत नाही. त्याला एकाच मापात दोन्ही मोजायचं असतं. राजवाड्याचे वरचे लाकडी मजले, खालचे दगडी मजले, मागे वैशाखातलं पांढरट आभाळ. तीन्ही एका फोटोत हवे असतील तर कशाला तरी मुकावं लागणार हे शटर दाबण्याआधीच ठरवायचं. आजचे चांगले सेन्सर कागदावर गडदपासून उजळपर्यंत तेरा-चौदा स्टॉपचा पल्ला सांगतात. सांगू देत. तो पल्ला सगळ्यात कमी आयएसओला (त्याबद्दल पुढे) असतो, आणि पल्ल्याच्या तळाशी जे मिळतं त्याला चित्र म्हणायला धाडस लागतं.

तळाशी काय मिळतं? दाणे. गिऱ्हाईक त्याला दाणे म्हणतं, पुस्तकात त्याला नॉइज म्हणतात, आणि सगळेच त्याचं खापर कॅमेऱ्यावर फोडतात. इथे मला कॅमेऱ्याचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं.

रंगपंचमीला इंदूरमध्ये गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. राजवाड्याच्या परिसरात गाड्यांवरच्या यंत्रांतून रंगीत पाणी आणि गुलाल कितीतरी मजले उंच उडवतात. त्या रस्त्यावर माझ्या मावशीच्या घराची गॅलरी आहे, जुन्या चौकोनी फरश्यांची. मिरवणूक अजून कोपऱ्यावर असते तेव्हा पहिले शिंतोडे यायला लागतात. एका फरशीवर चार, शेजारचीवर एक, त्यापलीकडची कोरडी. पाणी सगळीकडे सारखंच उडतंय, फरश्याही सारख्याच, तरी मोजदाद वेगवेगळी. गाडी समोर आली की पाच मिनिटांत सगळी गॅलरी सारखी लाल होते आणि कुठल्या फरशीला किती मिळालं हा प्रश्नच उरत नाही. पिक्सेलवर पडणाऱ्या फोटॉनचं नेमकं हेच आहे. सरासरी शंभर फोटॉन येणार असतील तर कुणाला नव्वद मिळतात, कुणाला एकशे दहा. चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. सरासरी दहा हजार असेल तर चढउतार शंभराचा, म्हणजे एकच टक्का. वर्गमुळाचा नियम आहे हा. सेन्सर कितीही महाग घ्या, तो चुकत नाही, कारण खोट सेन्सरमध्ये नसून उजेडच असा तुटक येतो. अंधारातल्या फोटोतले बरेचसे दाणे म्हणजे त्या अंधाराची खरी नोंद.

याच कारणासाठी सराफ्यात रात्री फोटो काढणं मला आवडतं आणि नकोसंही वाटतं. सोन्याचांदीची दुकानं बंद होतात, त्याच ओट्यांपुढे गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू नावाचा तळलेला कंद, परातीएवढा जलेबा. प्रत्येक गाडीवर वेगळा दिवा. एकीकडे जुना पिवळा बल्ब, शेजारी निळसर पांढरा एलईडी, त्यापुढे कुणीतरी लावलेली हिरवी ट्यूब. गराडू तळणाऱ्याच्या कपाळावर पिवळा उजेड, गळ्याखाली एलईडीचा निळा आणि मध्ये कढईतून उठलेली वाफ. वाफ दोन्ही रंग घेते. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळे फोटॉन फार थोडे असतात. चित्र पांढरंशुभ्र दिसावं म्हणून कॅमेरा निळ्या पिक्सेलचे आकडे दोन-तीन पटीने गुणतो आणि त्यांच्याबरोबर निळ्याचे चढउतारही गुणले जातात. त्या फोटोंत सावल्यांमध्ये जे निळे-जांभळे ठिपके वळवळतात ते याचे. मी आता सराफ्यातले फोटो पांढरे करायच्या नादाला लागत नाही. पिवळा असेल तर पिवळा राहू दे. दाणे कमी होतात आणि सराफा सराफ्यासारखा दिसतो.

आता आयएसओ. माझ्याबरोबर असिस्टंट म्हणून येणारा मुलगा पक्का इंदुरी. मी चाचपडायला लागले की तो मागून सुचवतो, "दीदी, आयएसओ बढ़ा दूँ? सेंसर की ताकत बढ़ जाएगी।" त्याचा काही दोष नाही, निम्म्या दुनियेला असंच वाटतं. आयएसओ वाढवल्याने सेन्सर एक फोटॉनदेखील जास्त पकडत नाही. सेन्सरवर किती उजेड पडणार हे तीनच गोष्टी ठरवतात: समोर किती आहे, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक) किती उघडं आहे आणि शटर किती वेळ उघडं आहे. आयएसओ येतो तो यानंतर. जमा झालेल्या इलेक्ट्रॉनचा विजेचा इशारा किती वाढवून मोजायचा, कितीला पांढरं म्हणायचं, हे तो सांगतो. समजा आयएसओ १०० ला एखादा पिक्सेल साठ हजार इलेक्ट्रॉनवर पांढरा ठरतो. आयएसओ ६४०० म्हणजे त्याच्या चौसष्ट पट. तिथे जेमतेम साडेनऊशे इलेक्ट्रॉन जमले की कॅमेरा म्हणतो, झालं, हा पांढरा. मधल्या करड्या रंगाच्या वाट्याला पावणेदोनशेच्या आसपास, आणि काळ्या केसांच्या वाट्याला दहा-वीस. दहा-वीसमध्ये वर्गमूळ काय करतं ते वर आलंच आहे.

मग आयएसओ वाढवूच नये का? वाढवावा, बेलाशक वाढवावा, फक्त कशासाठी ते माहीत असावं. पिक्सेलमधला इशारा बाहेर काढून आकड्यात बदलताना सर्किट स्वतःचा थोडा गोंगाट घालतं. इशारा आधीच मोठा करून पाठवला तर त्या गोंगाटाची पत कमी होते. नव्या सेन्सरांमध्ये हा गोंगाट इतका कमी झालाय की पुष्कळ कॅमेऱ्यांत आयएसओ ४०० ला काढलेला काळोखा रॉ नंतर उचलला काय किंवा तिथेच १६०० ला काढला काय, फार फरक पडत नाही. फरक वरच्या टोकाला पडतो. आयएसओ दुप्पट केला की वरचा एक स्टॉप गेला. होमाच्या ज्वाळा, समईची वात, शालूची जर, हे सगळं त्या वरच्या टोकात राहतं. मी म्हणून आधी अ‍ॅपर्चर उघडते, मग हात आणि माणसं जितकी स्थिर असतील तितकं शटर हळू करते, आणि आयएसओला शेवटी हात लावते. असिस्टंट अजून म्हणतोच, "दीदी, फेस डार्क है।" आहेच. स्क्रीनवर आहे.

कॉलेजात असताना मी रामबागेजवळच्या एका स्टुडिओत सुट्टीत काम करायचे. तिथले काका फिल्मवाले. त्यांचा एकच मंत्र, "अगं, सावलीवर मोज. उजेड स्वतःचं बघून घेतो." निगेटिव्हच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. निगेटिव्हला जास्त उजेड पाजला तरी ती हळूहळू गच्च होत जाते, तपशील एकदम टाकून देत नाही. कमी पाजला तर सावल्या कोऱ्या काचेसारख्या राहतात, प्रिंटमध्ये नुसत्या राखी. सेन्सरचा स्वभाव बरोबर उलट. खाली सावल्यांमध्ये दाण्यांसकट काहीतरी सापडतं, वर भिंत आहे. म्हणून डिजिटलवर आल्यावर काकांसारख्यांचे पहिले काही महिने पांढरे आले. स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना हा बदल जड गेला नाही, कारण स्लाइडही वरच्या टोकाला अशीच निर्दयी.

त्यातूनच तो सल्ला आला की हिस्टोग्राम शक्य तेवढा उजवीकडे ढकला, भिंतीला टेकू देऊ नका, आणि नंतर चित्र खाली आणा. कारण सांगताना पायऱ्यांचा हिशेब देतात: चौदा बिटांच्या रॉमध्ये उजळपणाच्या १६,३८४ पायऱ्या, त्यातल्या ८,१९२ सगळ्यात वरच्या एका स्टॉपला, त्याखालच्याला ४,०९६, असं अर्धं अर्धं होत सहाव्या स्टॉपला २५६ उरतात, म्हणून वर राहा. हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते कारण ते नव्हे. त्या वरच्या ८,१९२ पायऱ्यांपैकी बहुतेक फोटॉनच्या चढउतारातच बुडून जातात. एवढ्या बारीक पायऱ्यांचा तिथे उपयोग नाही. उजवीकडे राहण्याचा फायदा सरळ आहे, जास्त फोटॉन जमा होतात. आणि म्हणूनच आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेण्यात काही मिळत नाही. तो फोटॉनशिवाय सरकतो. लग्नात मी हा उपाय जपून वापरते. देवघरातली स्थिर मूर्ती, रुखवत, दागिन्यांची ताटं, इथे ठीक. माणसं हलत असताना एका स्टॉपच्या लोभापायी नवरीच्या नथीचा मोती उडवण्यात शहाणपण नाही.

मीटरबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं जग सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. जुना ठोकताळा अठरा टक्के परावर्तनाचा. मुंजीत बटू पांढऱ्या धोतरात, मांडीवर घेणारे वडील पांढऱ्या सोवळ्यात, मागे चुन्याची भिंत. मीटर म्हणतं, बापरे केवढा उजेड, आणि सगळं राखाडी करून टाकतं. तिथे एक-सव्वा स्टॉप हाताने वाढवायचा. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखून मीटर करतात त्यामुळे हे बरंच सुसह्य झालंय, पण ताज्या गुळगुळीत केलेल्या डोक्यावर उजेड चमकला की तेही गडबडतं.

इंदूरचा आणि फोटोंचा संबंध तसा जुना. लाला दीनदयाळ इथल्याच सरकारी बांधकाम कार्यालयात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायचे. १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हातात घेतला, महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी पाठबळ दिलं, आणि पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना राजा हा किताब दिला. त्यांनी सुरुवात केली तेव्हाची रीत ओल्या कोलोडियन काचेची, म्हणजे उजेड टिपणारं द्रावण फासलेल्या काचेची. काच ओली असेपर्यंतच फोटो काढायचा आणि धुवायचा, सगळा खेळ मिनिटांचा. मध्य भारताच्या उन्हात ते द्रावण किती लवकर वाळत असेल याची कल्पना करून मला घाम फुटतो. त्या काचेला दिसायचा तो मुख्यतः निळा आणि त्यापलीकडचा अतिनील उजेड. म्हणून तेव्हाच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं, ढग नाहीत. आणि लाल तिला दिसतच नसे. लाल पगडी, कुंकू, लाल शालू, सगळं काळं. जुन्या राजेरजवाड्यांचे फोटो बघताना आपण काळ्या वाटणाऱ्या पगड्या बघतो, त्यातल्या कितीतरी लाल असणार. आजचा सिलिकॉन दुसऱ्या टोकाला झुकलेला. त्याला लालच्याही पलीकडचं, आपल्याला न दिसणारं अवरक्त, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत कळतं. ते अडवायला सेन्सरपुढे एक काच बसवावी लागते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, काही मोबाइलमध्ये त्याच्या टोकाचा दिवा जांभळट चमकताना दिसतो. ती काच गाळूनही उरलेलं अवरक्त आहे ते.

कार्यालयांमधल्या नव्या दिव्यांनी वेगळंच दुखणं आणलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो. शटर वेगात असलं की काही ओळी तेजात मोजल्या जातात, काही मंदीत, आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की एक किंवा दोन पूर्ण आवर्तनं मावतात आणि पट्टे जातात. स्टेजच्या मागे जी भलीमोठी एलईडीची भिंत लावतात तिचं लुकलुकणं मात्र स्वतःच्याच गतीचं, तिला हा हिशेब लागू पडत नाही. तिच्यासाठी प्रत्येक कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन शटर थोडं थोडं बदलून बघणं एवढंच मला सुचलं आहे.

हे सगळं असताना गेल्या वर्षी एका रिसेप्शनमध्ये नवरदेवाच्या काकूंनी स्वतःच्या मोबाइलवरचा फोटो माझ्यासमोर धरला. "अगं, बघ बरं. तुझा एवढा मोठा कॅमेरा, आणि माझा केवढा स्वच्छ आलाय." खरंच स्वच्छ होता. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सहा मायक्रॉन रुंद, त्यांच्या मोबाइलचा एकाच्या आसपास. क्षेत्रफळात छत्तीस पटींचा फरक. मग तो स्वच्छ कसा? मोबाइल एक फोटो काढत नाही. तो बोट लावायच्या आधीपासून फ्रेम गोळा करत असतो, त्या एकमेकांवर जुळवून बसवतो आणि सरासरी काढतो. सोळा फ्रेमची सरासरी घेतली की चढउतार चौथ्या हिश्शावर येतात, पुन्हा तोच वर्गमुळाचा नियम. काकूंचा मोबाइल फोटॉन साठवायला जागा नाही म्हणून ते हप्त्याहप्त्याने जमवतो. यात चोरी काही नाही. माझ्या कॅमेऱ्यात ती सोय असती तर मीही वापरली असती, आणि काकूंना मी तसं सांगितलंही. त्या खूश झाल्या.

या युक्तीला एक अट मात्र आहे, समोरचं फार हलता कामा नये. जे हलतं ते फ्रेमांवर फ्रेमा बसवताना जुळत नाही. मोबाइल मग तेवढा भाग एकाच फ्रेममधून उचलतो किंवा फासून टाकतो. मंगलाष्टकं संपतात, भटजींचं शेवटचं "सावधान" अजून हवेत असतं आणि चहूकडून अक्षता उडतात, तेव्हा मोबाइलवाल्यांच्या फोटोंत त्या बहुधा दुधाळ रेघा होऊन येतात. मला तिथे एकच फ्रेम मिळते. शटर १/२५० च्या खाली नेता येत नाही, एलईडीचे पट्टे आले तर ते सोसायचे. अ‍ॅपर्चर एफ २.८ वर पूर्ण उघडं. आयएसओ मग जाईल तिथे जातो, बहुतेक ३२०० च्या वर. दाणे भरपूर येतात. घरी ते कमी करणारं सॉफ्टवेअर चालवते, पण अर्ध्यावर थांबवते. पूर्ण जोराने चालवलं तर त्याला मागच्या रांगेतून उडालेली, अंधारात एखाद्या पिक्सेलएवढी दिसणारी अक्षता आणि दाणा यांतला फरक कळत नाही आणि ते दोन्ही पुसून टाकतं.